तीनशे सातचं बिऱ्हाड

१

सकाळी मिश्री लावून, चूळ भरून झाली की आसाराम करदोट्याला बांधलेली किल्ली काढायचा आणि शेजारच्या घराचं कुलूप उघडायचा. घर त्याच्या पोरीचं, सुकन्याचं. दसरा झाला की सुकन्या, तिचा नवरा आणि त्यांची लहानगी ऊस तोडायला कोल्हापूरकडं जायची, ती चैत्रात परत. मुकादमाच्या यादीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माणसं दोन, मोजायची एक. तेवढे सहा महिने घर म्हाताऱ्याच्या हवाली. दार उघडायचं, चुलीत दोन काटक्या पेटवायच्या, धूर पत्र्यापर्यंत जाऊ द्यायचा आणि पुन्हा कुलूप. धूर नसला की उंदीर शिरतात, वाळवी शिरते, आणि आसारामच्या मते घर रुसतं ते वेगळंच.

नगरात छावणीच्या अलीकडं, जुन्या पागेमागं ही वस्ती. पाथर्डीकडच्या कोरड्या गावांतून चाळीस वर्षांत येऊन साचलेली दीडदोनशे घरं, त्यातली निम्मी हिवाळाभर कुलपात. मागं राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची करमणूक करायचं काम आसारामनं कुणी न सांगताच अंगावर घेतलं होतं. मयताच्या घरी भेटायला गेला तरी दोन माणसं तोंडाला उपरणं लावून बाहेर यायची. शाळा चौथीपर्यंत. मास्तरांची बदली झाली तेव्हा यानं त्यांच्या सायकलीला मागून कोंबडी बांधून दिली, मग नवे मास्तर याला घेईनात.

अशात बातमी आली की देशभरातल्या पोरांच्या खेळांचा मोठा महोत्सव नगरला व्हायचाय. पागेच्या पलीकडं स्टेडियम दोन वर्षं बांधत होतेच. आता स्टेडियमला पाय पसरायचे होते, गाड्या लावायला जागा पाहिजे होती, आणि पाय पसरून जिथं येत होते तिथं ही वस्ती होती.

२

पौषात सर्व्हे आला. आरती मॅडम नावाच्या बाई, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, पायातले बूट धुळीनं पांढरे. सकाळपासून ऐंशी घरं झालेली, बोलून बोलून घशाला कोरड पडलेली. त्यांच्या मागं एक माणूस लाल रंगाचा डबा घेऊन दारांवर खुणा करत होता. उघड्या दाराला आकडा, कुलपाला फुली.

"फुली म्हंजी काय वो, मॅडम?" आसारामनं विचारलं.

"बंद घर. बंद घराला नवीन फ्लॅट नाही."

"माणसं उसाला गेल्यात. चैत्रात येत्यात की."

"मग गावाकडच्या रेशनकार्डावर नाव असेल त्यांचं."

"हाय."

"गावाकडं नाव असलं तर इथं धरता येत नाही, आजोबा. वरून तसं आलंय." वरून म्हणताना बाईंनी उगाच आभाळाकडं पाहिलं. तिथंही कुणी नव्हतं.

सुकन्याचं घर अजून वीस घरं लांब होतं. आसाराम मागच्या बोळातून धावला; सत्तरीचं माणूस जेवढं धावतं तेवढं. कुलूप काढून खिशात घातलं. चूल पेटवली. दोरीवर लुगडं टाकलं, एक झगा टाकला. पलीकडच्या लंकाबाईला हाताला धरून आणलं आणि मोरीच्या पडद्यामागं उभी केली. लंकाबाई साठीची, विधवा, वस्तीत भांडणात पहिली. पण आसारामच्या खोडीत भाग घ्यायचा म्हटलं की लगेच पदर खोचायची.

मॅडम आल्या. "इथं कोण राहतं?"

"गोरक्षनाथ." नाव कुठून आलं ते त्याचं त्याला कळलं नाही, तोंड उघडलं आणि बाहेर पडलं. "बायको विजयमाला, घोडेगावची. पोरगी दिशा, दुसरीत हाय."

"ते कुठं आहेत?"

"डूटीवर. एमआयडीसीत."

"आणि बाई?"

"आत हाय. गोरक्षनाथाचा खोकला तिला लागलाय, उठवत न्हाई."

पडद्यामागून लंकाबाई तीनदा खोकली. वर आपल्या पदरचं म्हणून शेवटी एक बारीक 'हं' कण्हली. मॅडमनी टॅबवर बोट फिरवलं. दारावर लाल आकडा पडला, सत्तेचाळीस.

खोडी तशी फार मोठी नव्हती. पोरगी आली की सांगायचं, गोरक्षनाथ हे जावयाचं घरातलं नाव. कागदावर एक आणि घरात एक अशी दोन नावं वस्तीत निम्म्यांना होती. मॅडम पुढच्या बोळात गेल्यावर दोघं म्हातारी चुलीपुढं बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. आसारामला चेव आला.

"डावा पाय जरा आखूड हाय त्याचा. म्हनून बूट घालायला लाजतो."

"बास करा भाऊ, पोटात दुखायलंय माझ्या."

"आन् लई मस्कऱ्या हाय. माझ्यावरची कडी."

३

माघात नगर नटायला लागलं. उड्डाणपुलाच्या खांबांवर भाला फेकणारी पोरं रंगवली. त्या खांबांखालचा चांभार, चहाची टपरी, रसवंती उचलून नेली आणि तिथं कुंड्या ठेवल्या. झाडांना बुंध्यापासून कमरेपर्यंत पट्टे मारले. वस्तीपुढं दहा हात उंच हिरवं कापड ताणलं, त्यावर पाहुण्यांचं स्वागत छापलेलं. पंधरा दिवस वस्तीनं ते स्वागत आतल्या बाजूनं, उलट्या अक्षरांत वाचलं. मग एका सकाळी यंत्र आलं, आणि जेवणवेळेच्या आत काम आटोपलं. कुलपं दारांसकट एका ढिगात पडली.

नवीन घरं शहराबाहेर, एमआयडीसीच्याही पल्याड, उघड्या माळावर. सात-सात मजल्यांच्या चार इमारती, लिफ्टच्या तोंडावर फळ्या ठोकलेल्या. शेवटची बस संध्याकाळी सातला. खाली टेबल मांडून आरती मॅडमच बसल्या होत्या.

"आसाराम. तीनशे सहा. अंगठा करा."

"आन् तीनशे सातची बी किल्ली द्या. गोरक्षनाथ माझा जावई लागतो. डूटीवर हाय."

"ती सकाळीच गेली."

"कुणी नेली?"

"त्यांनीच." मॅडमनी रजिस्टर त्याच्याकडं फिरवलं. सही होती. गोरक्षनाथ. अक्षर ठसठशीत.

आसाराम आधी हसला. जन्मभर लोकांच्या टोप्या उडवल्या, आज कुणीतरी आपली उडवली. यादीतलं नाव वाचून एखादा दलाल उभा राहिला असणार, यात अवघड ते काय. मग हसू हळूहळू उतरलं. टोपी त्याची गेली असती तर चाललं असतं. गेलं होतं पोरीचं घर. चैत्रात ती बोचकी घेऊन यायची होती आणि तिला हे सांगायचं होतं.

४

आता सकाळी उघडायला कुलूप नव्हतं. मिश्री लावून झाली की आसाराम खुर्ची घेऊन व्हरांड्यात बसायचा, तीनशे सातच्या समोर. दलाल असो की भाडेकरू, कधीतरी बाहेर येईल, मग बघू.

कुणी बाहेर येत नव्हतं. कुणी आत जात नव्हतं. दार तपकिरी, नवं, कडीला अजून प्लास्टिक गुंडाळलेलं. पण आत बिऱ्हाड होतं. नळ सुटायचा, बंद व्हायचा. तवा ठेवल्याचा, पाट सरकवल्याचा आवाज यायचा. घरात माणसं असली की जे सगळं ऐकू येतं ते सगळं ऐकू यायचं, आणि आसारामनं दार वाजवलं की एकदम थांबायचं. तेही समजण्यासारखं होतं. चोरून राहणारी माणसं दार कशाला उघडतील?

पाचव्या दिवशी खोकला आला. तीनदा. आणि शेवटी एक बारीक हं.

आसाराम खुर्चीवरून उठून सरळ लंकाबाईच्या दारात गेला. ती तीनशे चारमध्ये. स्टेडियमच्या गॅलऱ्या झाडायचं काम तिला लागलं होतं. सकाळी सहाच्या बसला जायची, आज सुट्टी म्हणून पडून होती.

"लंकाबाई, चांगलं जमतंय. पर आत गेलीस कशी?"

"कुठं आत?"

"तीनशे सातात. खोकलीस ती."

लंकाबाईनं डोळ्यांवरचा पदर काढला. "भाऊ, पाय सुजलेत माझे. पाच हजार खुर्च्या हायत तिथं. मला हिथं खोकायला बी येळ न्हाई."

"त्या दिशी पडद्यामागं तर खोकायला येळ व्हता की."

"तवा जागा व्हती हसायला," ती म्हणाली आणि कूस वळली.

त्या दिवशी दुपारी त्यानं चाल ऐकली. आतून दाराकडं येणारी आणि परत जाणारी. एक पाऊल भरदार, दुसरं जरा उशिरा, घासत. आसाराम मनाशी हिशेब लावत बसला. पाय अधू असलेली माणसं नगरात कमी नाहीत. खोकला तर सगळ्यांनाच असतो. नव्या इमारतीत नळातून आवाज फिरतात, खालचे वर येतात. सगळं पटत होतं. फक्त आखूड पायाची गोष्ट मॅडमच्या टॅबमध्ये नव्हती. ती त्यानं मॅडम गेल्यावर काढली होती.

५

खोडकर माणसाची खोड अशी की भीती वाटली तरी तो आधी डिवचून बघतो. आसाराम गच्चीवर गेला. भर दुपार, टाकीच्या सावलीत एक कावळा, बाकी माळावर चिटपाखरू नाही. लंकाबाई कामावर. त्यानं तोंडापुढं हात धरला आणि हळू म्हटलं, "गोरक्षनाथाला रेडिओचा लई नाद."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तीनशे सातमध्ये रेडिओ लागला.

कबड्डीचं समालोचन चाललं होतं. नगरच्या स्टेडियममधून, असं सांगणारा सांगत होता. गॅलऱ्या भरल्यात, उभं राहायला जागा नाही. चढाईचा दम घुमत होता, आणि मधेच हजारो माणसं एकदम ओरडत होती. तो गलका संपता संपता गर्दीत कुणीतरी खोकलं. तीनदा.

संध्याकाळी लंकाबाई जिना चढून धापा टाकत आली. त्यानं विचारलं, "आज खेळ व्हता का काय तिकडं?"

"कसला खेळ? खुर्च्यांवरचे कागद बी काढले न्हाईत अजून. अठरा दिस हायत की." ती पायरीवर बसली. "मोरी व्हती ना माझी, तिथं पांढरे पट्टे मारलेत गाड्यांसाठी. मी पट्ट्यावर बसून भाकर खाल्ली. शिपायानं उठवलं." मग तळवा चोळत म्हणाली, "आन् ऐका. कारखान्याचा पट्टा पडला म्हनत्यात, हंगाम यंदा लवकर संपला. तुमची पोरगी येईल आठवड्यात."

आसाराम तसाच गच्चीवर गेला. सूर्य बुडायचा होता. या वेळी तो मोठ्यानं बोलला, म्हणजे चूक नको. "गेलं ते बिऱ्हाड. पुणतांब्याला गेलं, बायकोच्या भावाकडं. कायमचं."

खाली येऊन त्यानं तीनशे सातच्या दाराला कान लावला. नळ नाही, तवा नाही. त्याला वाटलं, जमलं. तेवढ्यात अगदी जवळून, फळीच्या पलीकडूनच, बाईचा आवाज आला. दमलेला.

"मी न्हाई जायची. किती येळा उठवायचं मानसाला?"

आणि आतून पुरुषाचा, "बस खाली. त्याच्या बोलन्यावर कुठं जातीस."

६

सकाळी तो टेबलापुढं उभा राहिला. खरं बोलायची सवय नव्हती, त्यामुळं सुरुवात कुठून करावी ते सुचेना.

"मॅडम, मी खोटं बोललो व्हतो. गोरक्षनाथ म्हनून मानूसच न्हाई. मी केलाय त्यो. घर माझ्या पोरीचं हाय."

मॅडम डबा उघडून जेवत होत्या. सकाळी दहालाच, कारण नंतर वेळ मिळत नव्हता. "आजोबा, गोरक्षनाथ तीनदा येऊन गेले माझ्याकडं. परवा मुलीचा शाळेचा दाखला देऊन गेले. त्यांचे कागद पूर्ण आहेत. तुमचेच अर्धे आहेत."

"दिसायला कसा हाय?"

त्यांनी घास तसाच धरून आठवायचा प्रयत्न केला. बराच वेळ केला. "दमलेले," त्या म्हणाल्या. "इथं येणारे सगळे तसेच असतात. वेगळं काय सांगू?"

"मॅडम, माझी पोरगी चार दिसांत येतीय. तिला कुठं नेऊ मी?"

"शुक्रवारी पडताळणी आहे. दारोदार. शेजाऱ्यांनी ओळख सांगायची, ते म्हणतील तसं लिहायचं. तेव्हा मी समोर असेन, तेव्हा बोला काय ते." डब्याचं झाकण लावता लावता त्या म्हणाल्या, "आणि मस्करी करू नका. मला माहितीये तुमचा स्वभाव. गोरक्षनाथ सांगत होते."

७

शुक्रवारी आसारामनं धुतलेला सदरा घातला. लंकाबाईला थांब म्हणाला होता, पण स्टेडियमवर मंत्री यायचे म्हणून तिला पहाटेच नेलं होतं. मॅडम अकरा वाजता तिसऱ्या मजल्यावर आल्या, भिंतीला टेकून श्वास घेतला आणि आधी तीनशे सातची कडी वाजवली.

दार उघडलं. वीतभर.

आसाराम मॅडमच्या मागं उभा होता, त्याला त्या वीतभरातलं दिसलं. इमारतीला रंग लागून दोन महिने झाले होते, आणि आतली भिंत धुरानं काळी होती, वरपर्यंत, वर्षानुवर्षांचं स्वयंपाकघर असावं तशी. खोली जिथं संपायला पाहिजे होती तिथं संपत नव्हती. मधे कुणीतरी दाराकडं पाठ करून बसलं होतं. सदरा नवा, घडीच्या रेघा अजून न मोडलेल्या. मान हलत होती, पण मॅडमकडं वळत नव्हती.

मॅडमना काही वावगं दिसत नसावं. किंवा दिवसाला दोनशे दारं बघून त्यांचं बघणंच संपलं असावं. "शेजारची ओळख सांगा," त्या म्हणाल्या. "तीनशे सहामध्ये कोण?"

"हाय एक म्हातारा." आवाजात हसू होतं. गोष्ट रंगवणाऱ्या माणसाच्या आवाजात असतं तसं, जिभेवर घोळवलेलं. "आसाराम नाव त्याचं. पाथर्डीकडचा."

"वय?"

"सत्तर धरा. डाव्या कानानं ऐकू येत न्हाई."

आसारामच्या डाव्या कानात बारीक शीळ वाजली आणि कापूस कोंबल्यासारखी ती बाजू बंद झाली. वारं भरलं असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. तिसरा मजला, उघडा माळ.

"मूलबाळ?"

"कोनी न्हाई. एकटाच आलाय, एकटाच ऱ्हातो."

आतून बाईचा आवाज आला, "पोरगी हाय म्हनून सांगत फिरतो की समद्यांना."

"मस्करी करतो," तो म्हणाला. मग ती दोघं हसली, आणि त्यांच्यामागं कुठंतरी लांब एक लहान पोरगीही हसली. दार मिटलं.

मॅडम आसारामकडं वळल्या. बोट टॅबवर थांबलेलं. "तुम्हाला कुणी आहे का, आजोबा? एकटे असाल तर एकटे लिहिते."

"हाय की. पोरगी हाय मला."

"नाव?"

आसारामनं तोंड उघडलं. जन्मात त्याला नावासाठी थांबावं लागलं नव्हतं. मागाल तेवढी तो उभ्या उभ्या काढून द्यायचा. पोरगी डोळ्यांपुढं होती. तिचे हात, पाचटानं कापलेले. डोक्याला बांधलेलं फडकं. तो तिला हाक मारायला गेला आणि हाकेच्या जागी काहीच नव्हतं.

"विजयमाला," तो म्हणाला. "न्हाई. दिशा. न्हाई न्हाई, थांबा."

मॅडम थांबल्या. खरंच थांबल्या, बिचाऱ्या. मग त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, टॅबवर बोट टेकवलं आणि तीनशे आठकडं गेल्या.

८

खिशातला मोबाईल वाजला तेव्हा तो व्हरांड्यातच उभा होता. त्यानं तो सवयीनं डाव्या कानाला लावला, काही ऐकू आलं नाही, मग उजव्याला लावला. टेम्पोची घरघर होती, आणि त्यावरून ओरडून बोलणारी बाई.

"आबा, आलो आमी. बायपास ओलांडला. घर भेटलं न्हवं?"

"कोन बोलतंय?"

"मी, आबा."

"मी म्हंजी कोन? नाव सांग, बाई."

ती हसली. दमून हसतात तसं, नुसत्या श्वासानं. "आता मस्करी नको, आबा. अंग मोडून गेलंय समद्यांचं. पोर झोपलीय मांडीवर. निसतं एवढं सांगा, कितव्या मजल्यावर यायचं?"

आसारामनं उत्तरासाठी तोंड उघडलं. त्याच्या आधी तीनशे सातच्या दारामागून कुणीतरी, प्रेमळपणानं, मोठ्यानं म्हणालं, "तिसऱ्या."

"बरं," फोनवर ती म्हणाली. "तिसरा. येतो."